गोळा कुणाच्या हातात?

ड्यूटी संपली म्हणून खुर्चीवरून उठलो आणि सरळ घरी चालता झालो, असं माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही घडलं नाही. रेल्वेत स्टेशन मास्तर उठतो तो चार्ज देऊन. कुठल्या लाईनीवर काय उभं आहे, कुठली गाडी सेक्शनमध्ये आहे, कुठली किल्ली कुणाकडे आहे, हे सगळं डायरीत लिहायचं, येणाऱ्याने ते वाचून खाली सही करायची आणि मगच जाणाऱ्याने आपला डबा उचलायचा. येणारा उशिरा आला तर जाणारा बसून राहतो. मग घरी सत्यनारायण असो, नाहीतर पाहुणे ताटकळत बसलेले असोत.

असा मी. आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाल्यावर, एका रविवारी पानं घेतल्याची हाक आली म्हणून चालू कामातून वायर उपटली आणि घरातल्याच माणसाचं दोन वर्षांचं काम मातीत घातलं.

वायर ई-रीडरची होती. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांना सांगतो: शाळेच्या पाटीपेक्षा लहान, राखाडी पडद्याचं यंत्र. मोबाईलसारखा उजेड डोळ्यांत मारत नाही. पडद्यावर एकदा पान आलं की तसंच राहतं, वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना. त्यामुळे एका चार्जिंगमध्ये आठवडेच्या आठवडे निघतात. हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मुलाने पुण्याहून मिरजेला पाठवून दिला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती, हात माझा होता.

अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं हे कळल्यावर हिने तो जो हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही. घरात खाती आपोआप वाटली गेली. वाचायचं खातं तिचं, पुस्तकं भरायचं माझं. आमच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, बॅटरी मेलेली, लाईट गेली की जागच्या जागी डोळे मिटणारा. त्यावर मी विकिस्रोतावरून जुनी मराठी पुस्तकं उतरवून घेतो, ई-साहित्य प्रतिष्ठानाची मोफत पुस्तकं घेतो आणि केबल लावून ई-रीडरमध्ये घालतो. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी त्याचं लिखाण सगळ्यांसाठी मोकळं होतं. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. म्हणजे आमच्या वयाच्या वाचकाला पुरून उरेल इतका ऐवज बिनपैशाचा पडलेला आहे.

ही वाचताना एक उद्योग करायची. ओळीवर बोट दाबून ओढलं की ती ओळ अधोरेखित होते आणि तिची नक्कल यंत्रातल्या एका फाईलीत जाऊन बसते. ही अधोरेखित करायची ते सुविचार नव्हेत. तिच्या आजीच्या तोंडी असलेले आणि आता कुणाच्याच तोंडी नसलेले शब्द ज्या ओळीत सापडतील ती ओळ. फडताळ. ताटाळं. घंगाळ. वळचण. दोन वर्षांत किती झाल्या होत्या ते आम्ही मोजलं नव्हतं, पण मधूनच उठून मला वाचून दाखवायची.

तर तो रविवार. अकरा पुस्तकं चढवायची होती. दहा चढली. अकरावं चित्रांचं, जडशीळ. पडद्यावरची हिरवी पट्टी शेवटाला टेकल्यासारखी दिसत होती. "अहो, आमटी निवतेय!" अशी दुसरी हाक आली. सुट्टीला आलेली नात शेजारी उभी होती. मी क्षणभर थांबलो, तर म्हणाली, "आजोबा, काढा हो, काही होत नाही. आमच्या शाळेत सर पण पेन ड्राइव्ह असाच काढतात." मी काढली.

संध्याकाळी ई-रीडर उघडला तर दोन पुस्तकांची नावं दिसत होती, उघडत नव्हती. बॅटरी भराभर उतरत होती; यंत्र एका अर्धवट पुस्तकाची सूची करायला बसलं होतं आणि तिथेच अडकलं होतं. लॅपटॉपला पुन्हा जोडला तेव्हा लॅपटॉप म्हणाला, या ड्राइव्हमध्ये गडबड आहे, तपासून दुरुस्त करू का? मी 'करा' म्हटलं. दुरुस्ती झाली, पुस्तकं उघडायला लागली. अधोरेखित ओळींची फाईल मात्र गायब. तिच्या जागी 'फाउंड.०००' नावाचं एक फोल्डर, त्यात विचित्र नावाच्या चार-पाच फाईली. त्यांच्याकडे नंतर येतो.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. परत वाचीन." नवऱ्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी हे प्रकरण रेल्वेच्या चौकशीसारखं लावून धरलं. मुलाला फोन करकरून, वाचून, पुन्हा पुन्हा वायर लावून-काढून. जे हाती लागलं ते मला फार ओळखीचं निघालं.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमधल्या रुळांवर एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. कागदावर सोपं. पण दोन्ही टोकांना माणसं असतात, आणि माणसं विसरतात, पेंगतात, हट्टाला पेटतात. म्हणून आमच्याकडे नील्स टोकनचं यंत्र असायचं. लोखंडी पेटी, पोटात पोलादी गोळे. दोन्ही स्टेशनांतल्या पेट्या तारेने एकमेकींना जखडलेल्या. पलीकडच्या मास्तरने संमती दिल्याखेरीज अलीकडच्या पेटीतून गोळा सुटत नाही, आणि एक गोळा बाहेर आहे तोवर दोन्हींपैकी कुठल्याच पेटीतून दुसरा निघत नाही. तो गोळा रिंगच्या पिशवीत घालून ड्रायव्हरला द्यायचा. गोळा हातात म्हणजे सेक्शन तुझा. पुढच्या स्टेशनात गोळा पेटीत पडला की सेक्शन मोकळा. सिग्नल हिरवा दिसतोय, समोर रूळ रिकामा दिसतोय, यावर कुणी जायचं नाही. गोळा कुणाच्या हातात आहे, एवढंच विचारायचं.

ई-रीडरला केबल लावली की नेमकं हेच होतं. आमच्या यंत्रासारखी जी जुन्या पद्धतीची यंत्रं आहेत ती केबल लागताच आपला गोळा संगणकाच्या हातात देतात. पडद्यावर सूचना येते आणि वाचन बंद पडतं. पुष्कळांना वाटतं, बिघडलं. बिघडलेलं नसतं, त्याने स्वतःच्या कपाटावरचा हक्क तात्पुरता सोडलेला असतो. कारण त्या कपाटाची व्यवस्था दोन मालक एकाच वेळी सांभाळू शकत नाहीत.

व्यवस्थेचं नाव फॅट. फाईल अ‍ॅलोकेशन टेबल. मूळ कल्पना १९७७ च्या सुमाराची, मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली, आणि अजून पेन ड्राइव्हपासून ई-रीडरपर्यंत सगळीकडे चालू आहे. साठवणीचे लहान लहान सारख्या मापाचे खण केलेले असतात. एक पुस्तक एका खणात मावत नाही, म्हणून त्याचे तुकडे निरनिराळ्या खणांत पडतात. कुठल्या खणानंतर कुठला, हे एका तक्त्यात लिहिलेलं असतं. वर्तमानपत्रात पहिल्या पानावरची बातमी अर्ध्यात तुटते आणि खाली लिहिलेलं असतं 'पान ७ वर', तसंच. आता कल्पना करा, कुणीतरी ती 'पान ७ वर' एवढीच चिठ्ठी फाडली. सातव्या पानावर मजकूर जागच्या जागी आहे, एक अक्षर गेलेलं नाही. पण तो कुठल्या बातमीचा, हे सांगणारं कुणी नाही.

वायर उपटली तेव्हा मी बहुधा ती चिठ्ठी फाडली. अधोरेखित ओळींची फाईल त्याच फोल्डरमध्ये होती, ज्यात मी पुस्तकं घालत होतो. त्या फोल्डरची यादी संगणक नव्याने लिहीत असताना मी त्याच्या हाताखालची वही ओढली.

यात संगणकाची एक खोडही आहे. तो दिलेलं काम लगेच करत नाही. बाजारातला दुकानदार प्रत्येक विक्रीला खतावणी उघडत नाही. कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि निवांत झाल्यावर पक्क्यात चढवतो. संगणकही मजकूर आधी स्वतःच्या स्मरणात ठेवतो, 'झालं' म्हणून सांगून टाकतो आणि सवडीने वायरीच्या पलीकडे पोचवतो. लिनक्सवर हे चांगलं दिसतं. कॉपीची पट्टी चार सेकंदांत पूर्ण होते आणि 'काढा' म्हटलं की तो बराच वेळ 'थांबा, लिहितोय' म्हणत बसतो. ते थांबणं म्हणजेच खरी कॉपी.

'इजेक्ट' किंवा 'सेफली रिमूव्ह' म्हणजे दुकान बंद करताना पक्की वही पुरी करणं. संगणक हातात राहिलेलं सगळं लिहून टाकतो, तक्त्यावर 'व्यवस्थित बंद केला' अशी नोंद करतो आणि मग गोळा परत देतो. ई-रीडर आपलं कपाट ताब्यात घेतो, नवी पुस्तकं मोजतो आणि वाचायला मोकळा होतो.

आणि इथे एक गोष्ट, जी मला दोन वर्षं माहीत नव्हती आणि माहीत असती तर हा लेखच लिहावा लागला नसता. इजेक्ट केल्यावर वायर काढायची गरज नाही. वायर राहू दे. चार्जिंग चालू राहतं आणि बाईमाणूस वाचत बसू शकतं. इंजिन फलाटाला लागलेलं आहे, पाणी भरतंय, पण सेक्शन मोकळा झालेला आहे. आम्ही वायर काढण्यालाच 'संपलं' समजत होतो. संपतं ते त्याच्या आधी, पडद्यावर. (नुसतं चार्जिंगच हवं असेल तर मोबाईलच्या चार्जरला लावा. तिथे गोळ्याचा प्रश्नच नाही, भिंत काही लिहीत नाही.)

नातीला हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नेटवरून शोधून आणलं की ती अगदीच चूक नव्हती. आणि खरंच नव्हती. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने बाहेरून जोडायच्या साठवणीसाठी झटपट काढण्याची पद्धत हाच मूळ नियम केला. म्हणजे कच्च्या वहीत न ठेवता शक्य तितकं लगेच पक्क्यात लिहायचं. वेग थोडा कमी, पण माणूस उपटणारच, हे गृहीत धरलेलं. त्यामुळे पेन ड्राइव्ह असाच काढणारे तिचे सर बहुतेक वेळा सहीसलामत सुटतात. फक्त नेमक्या लिहिण्याच्या क्षणी काढला तर नाही. आणि तो क्षण कुठला, हे बाहेरून दिसत नाही. पट्टी टेकल्यासारखी दिसते. मॅकवर आणि लिनक्सवर तर एवढीही सवलत धरू नये.

बंद फाटकाखालून सायकल काढणाराही हेच म्हणतो, काही होत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा त्याचं बरोबर असतं. मी फाटकं सांभाळलेली आहेत.

पण माझी तक्रार नातीबद्दल नाही. सरांबद्दलही नाही. ज्यांनी ही व्यवस्था माणसांच्या हाती दिली त्यांच्याबद्दल आहे. सुरक्षित काढायचं चिन्ह ठेवलंय कुठे, तर खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, एका बाणाच्या मागे दडवून. साठीच्या पुढच्या किती जणांना तो बाण दाबता येतो हे माहीत असेल? सापडलं, दाबलं, तर कधी कधी उत्तर येतं की हे उपकरण वापरात आहे, ते वापरणारे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करा. कोण वापरतंय? ते सांगत नाही. पलीकडच्या मास्तरने 'सेक्शन मोकळा नाही' म्हणावं आणि 'कुठली गाडी आहे?' विचारलं की फोन ठेवून द्यावा, असा हा प्रकार. आमच्या काळी असं वागणाऱ्याला मेमो मिळाला असता.

बहुतेक वेळा वापरणारे आपणच असतो. त्याच फोल्डरची खिडकी उघडी राहिलेली असते. किंवा कॅलिबर चालू असतं. कॅलिबर म्हणजे ई-पुस्तकं सांभाळायचा मोफत प्रोग्रॅम, कोविद गोयल या भारतीयाने २००६ मध्ये सुरू केलेला, आणि या धंद्यातला माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक नोकर. किंवा व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम आपलं नाक खुपसून बसलेला असतो. खिडक्या बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा म्हणा. तरीही ऐकलं नाही तर संगणकच बंद करा. झोपवू नका, बंद करा. दिवे विझले की वायर काढा. वेळ जातो, मान्य. आमटी परत गरम करता येते.

या चौकशीत मी यूएसबीचं जुनं चौकोनी टोक भिंगाखाली धरून पाहिलं. आत चार पितळी पट्ट्या असतात. बाहेरच्या दोन लांब, आतल्या दोन आखूड. बाहेरच्या विजेच्या, आतल्या मजकुराच्या. म्हणजे टोक आत घालताना वीज आधी लागते आणि ओढून काढताना वीज शेवटी सुटते. चालू यंत्रातून लोक वायर उपटणार हे करणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विजेची काळजी त्यांनी पट्टीच्या लांबीत घेऊन ठेवली. मजकुराची काळजी आपल्यावर सोडली.

हे करणाऱ्यांमधले एक प्रमुख अजय भट्ट. तेव्हा इंटेलमधले इंजिनिअर, शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचं पहिलं प्रमाण आलं. टोक पहिल्या खेपेला उलटंच लागतं ही सगळ्या जगाची रड आहे, त्यावर त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की दोन्ही बाजूंनी बसणारं टोक केलं असतं तर तारा नि सर्किट दुप्पट लागली असती आणि खर्च वाढला असता. बरं, बडोदं म्हटलं की मला सयाजीरावांचं ग्रंथालयही आठवतं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणून संस्थानभर मोफत वाचनालयं उभी करायला घेतली, पेट्यांमधून गावोगाव फिरणारी पुस्तकं सुरू केली. ज्या गावातून पुस्तकाच्या पेट्या निघाल्या त्याच गावात पुस्तकाची वायर करणारा माणूस शिकला. योगायोग आहे, त्याला मी जास्त ताणत नाही. पण मिरजेत बसून आपट्यांची कादंबरी ई-रीडरमध्ये घालताना तो मनात येतो खरा.

हा सगळा वृत्तांत फोनवर ऐकल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, नवीनच घेऊ या. नव्यात ही भानगड नाही."

हे खरं आहे. एमटीपी नावाची पद्धत आहे, अँड्रॉइड फोन बऱ्याच वर्षांपासून तिनेच जोडले जातात. तिच्यात यंत्र आपला गोळा देतच नाही. संगणकाने फक्त मागणी करायची, 'ही फाईल ठेव', 'ती दे', आणि कपाटाला हात लावायचा तो यंत्रानेच. तक्ता एकाच्याच हातात, त्यामुळे इजेक्टची कटकट जवळजवळ संपते. किंडलची अलीकडची मॉडेल्सही आता याच पद्धतीने जोडली जातात. मॅकला मात्र ही भाषा जन्मतः येत नाही, तिथे वेगळा प्रोग्रॅम घालावा लागतो. तरी एक रेल्वेवाला म्हणून मी म्हणेन की पद्धत चांगली. माणसाच्या शिस्तीवर सोडण्यापेक्षा यंत्रातच अडसर असलेला बरा. नील्सच्या पेटीने हेच केलं होतं.

पण मुलगा पुढे म्हणाला, "आणि हल्ली वायर लावतंच कोण? सगळं वायफायवरून येतं." इथे माझं डोकं तापलं.

वायफायवरून येतं म्हणजे कंपनीच्या गोदामातून येतं. माझी फाईलसुद्धा आधी त्यांच्याकडे जाते आणि मग माझ्या शेजारच्या टेबलावर येते. २६ फेब्रुवारी २०२५ पासून अ‍ॅमेझॉनने आपण विकत घेतलेलं किंडल पुस्तक वेबसाइटवरून आपल्या संगणकावर उतरवून घेऊन केबलने यंत्रात घालण्याची सोय बंद केली. स्वतःजवळच्या फाईली केबलने घालता येतात, ते चालू आहे. पण विकत घेतलेल्या पुस्तकाची आपल्या कपाटात ठेवायची जी सरळ वाट होती ती बुजली. आणि वाट बुजली की काय होऊ शकतं याचा दाखला जुना आहे. जुलै २००९ मध्ये विक्रीच्या हक्कांचा घोळ झाला म्हणून अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलमधून पुस्तकं दुरून पुसली. पुसलेल्यांत जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' होतं. पैसे परत दिले, जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली, सगळं झालं. पण गोळा कुणाच्या हातात आहे ते त्या दिवशी कळलं.

मराठी वाचकाला तर वायर जास्तच लागते. इंग्रजी वाचणाऱ्याला दुकानात सगळं मिळतं. आपलं अर्धं वाचन दुकानाबाहेर आहे. विकिस्रोतावर कुणी कुणी रात्री जागून टंकलेली पुस्तकं, मोफत पीडीएफ, एखाद्या मित्राने स्वखर्चाने काढलेला कवितासंग्रह, गावातल्या शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक. हे सगळं फाईल म्हणून हातात येतं आणि हातानेच यंत्रात घालावं लागतं. ज्या यंत्रात मला माझ्या हाताने काही घालता येत नाही ते यंत्र मला दिलेलं नाही, मला बसायला दिलेलं आहे. वेटिंग रूमसारखं.

सोय नको असं कोण म्हणतंय? वायर उपटायची शिक्षा मी भोगली आहे. इजेक्ट सोपं करा, चिन्ह मोठं करा, कोण वापरतंय ते मराठीत सांगा, हवं तर पद्धतच बदला की उपटली तरी बिघडू नये. पण 'लोकांना वायर नीट काढता येत नाही' याचं उत्तर वायर काढून घेणं नव्हे. गोळा हरवतो म्हणून कुणी सेक्शन कंत्राटदाराच्या नावावर करत नाही.

मुलाला हे एवढं लांबलचक बोललो नाही. ही बाजूलाच होती, तिने फोन घेतला आणि विचारलं, "नव्यात माझी ती फाईल परत येईल का?" तो म्हणाला, नाही. "मग राहू दे," म्हणाली.

आता 'फाउंड.०००'. दुरुस्ती करताना संगणकाला जे बेवारस खण सापडतात, ज्यांची 'पान ७ वर'ची चिठ्ठी फाटलेली असते, ते तो फेकून देत नाही. फाईलीचं रूप देऊन या फोल्डरमध्ये ठेवतो. फाईल ००००, ०००१, ०००२, आणि शेपटाला 'सीएचके'. हरवलं-सापडलंची खोली. आमच्या स्टेशनातही होती. छत्र्या, डबे, एकदा तबल्याची जोडी.

फाईली दिसतात तशा उघडत नाहीत. मी एकेक नोटपॅडमध्ये ओढून टाकली. पहिल्या तीन म्हणजे निव्वळ चौकोन नि प्रश्नचिन्हांचा पाऊस, कुठल्या तरी चित्राचे तुकडे असावेत. चौथी उघडली, तारीख दिसली, आणि तारखेखाली देवनागरी. हिची ओळ. तिच्याखाली पुन्हा तारीख, पुन्हा ओळ.

देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी सगळी वेगळी धरून. खण चार किलोबाइटचा असला तर एका खणात साडेतेराशेच्या आसपास चिन्हं बसतात. आमच्या हाती सलग थोडेच खण लागले होते. दोन वर्षांपैकी मागच्या पाच-सहा महिन्यांचं असेल. बाकीचं दुसऱ्या कशाच्या तरी खाली गेलं.

मी चष्मा लावून एकेक ओळ वाचत गेलो, ही वहीत उतरवून घेत होती. यंत्रावरचा विश्वास उडाल्यामुळे दोनशे पानी वही. शेवटची ओळ मध्येच तुटली होती, खण तिथे संपला होता. 'दह्याचं गाडगं वर शिंक' एवढं होतं आणि पुढे एक काळा चौकोन.

"शिंक," मी म्हटलं. "दह्याला शिंक कशी येईल?"

ही वहीतून वर न बघता म्हणाली, "शिंकाळ्यात, अहो. शिंकाळ्यात टांगायचं ते. मांजराला पोचू नये म्हणून." आणि मी पुढे काही वाचायच्या आत तिने ते लिहूनही टाकलं होतं.